भुरळ, भूल की नाद? (एका खुन्यासाठी विशेषण हवं आहे)

गुळांबा
डोंबिवलीत आमचा बारा जणांचा वाचनकट्टा आहे. महिन्याला एक पुस्तक, शेवटच्या रविवारी चर्चा, आणि त्या चर्चेचं टिपण कट्ट्याच्या चारपानी पत्रिकेत. या खेपेला टिपण माझ्या गळ्यात पडलंय. पुस्तक होतं थॉमस हॅरिसचं 'हॅनिबल' (१९९९). चर्चा कसली, भांडणच झालं. 'सायलेन्स ऑफ द लॅम्ब्स' बाराही जणांना आवडलेलं. अकरा वर्षांनी आलेल्या या पुढच्या भागावर मात्र सरळ दोन तट. सात जणांना शेवट ही फसवणूक वाटली, पाच जणांना तोच खरा वाटला.

शेवट सांगितल्याशिवाय माझी अडचण सांगता येणार नाही, तेव्हा ज्यांना वाचायचंय त्यांनी इथूनच मागे फिरा. एफबीआयची क्लॅरिस स्टार्लिंग डॉ. हॅनिबल लेक्टरला, म्हणजे माणसं मारून खाणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञाला, पकडत नाही. तो तिला औषधं देतो, संमोहित करतो, आणि शेवटी दोघं ब्यूनस आयर्सला ऑपेराच्या बॉक्समध्ये जोडीनं बसलेली दिसतात.

मी पहिलं वाक्य लिहिलं: 'भुरळ पाडणाऱ्या खुन्यावरच्या थरारकादंबरीच्या उत्तरार्धाने वाचकांत दोन तट पाडले.' पाचांपैकी एक म्हणाली, "भुरळ लिहिलंस की निकालच दिलास. म्हणजे बिचारी भुलली, तिचं स्वतःचं काही नव्हतंच." मग 'मोहक' केलं. त्यावर सातांतल्या एक काकू म्हणाल्या, "मोहक? खुनी आहे की पैठणीचा काठ?"

माझी मालवणची आजी 'भुरळ' फक्त बाहेरच्या बाधेला म्हणायची. भुरळ पडलेल्या माणसाला मीठमोहऱ्या उतरून टाकायच्या. कट्ट्यावरच्या पुणेकरांच्या मते मात्र भुरळ निरुपद्रवी, ती सिंहगडाचीसुद्धा पडते. नक्की काय? आणि 'कॅरिस्मॅटिक'ला दुसरा चांगला शब्द कोणता?

निवांत_नाना
करिश्मा. पेपरवाले कधीपासून लिहितायत. विषय संपला, चहा टाका.

शब्दरखवालदार
करिश्मा मराठी नाही, फारसी आहे. आणि तुम्हाला वाटतं तसा तो इंग्रजी शब्दाचा भाऊही नाही. फारसीत त्याचा अर्थ डोळ्यांनी केलेला इशारा, नखरा. इंग्रजी शब्द आला ग्रीकमधून, तिथे अर्थ कृपेने मिळालेलं दान. नुसते आवाज जुळले म्हणून आपण दोघांचं लग्न लावून दिलं. महाराजांनी राज्यव्यवहारकोश करून घेतला तो काय शोभेला?

निवांत_नाना
मग 'खुनी'चं काय करताय? खूनही फारसीच, तिकडे अर्थ रक्त. शिवाय तुमच्या आयडीतलं 'दार' कुठून आलं, तेही जरा पाहा.

शब्दरखवालदार
आयडी पंधरा वर्षांपूर्वीचा आहे. बदलता येत नाही.

वसईचा_वारा
ग्रीकचा विषय निघालाच आहे तर. पौलाच्या करिंथकरांना लिहिलेल्या पत्रात हाच शब्द येतो, आणि मराठी बायबलात त्याचा अनुवाद आहे 'कृपादाने'. आमच्याकडे कॅरिस्मॅटिक म्हटलं की आईच्या डोळ्यांसमोर प्रार्थनामेळावा येतो: टाळ्या, गाणी, हात वर. 'कॅरिस्मॅटिक खुनी' म्हटलं तर ती आधी क्रुसाची खूण करेल, मग मला जेवायला वाढणार नाही.

जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबरनं हा धर्मातला शब्द राजकारणात आणला. परंपरेची सत्ता, कायद्याची सत्ता आणि ही तिसरी. त्याच्या मांडणीत मला आवडतं ते हे की वलय त्या माणसात खरोखर आहे की नाही याला फार महत्त्व नाही, मागे जाणारे ते मानतात की नाही ते महत्त्वाचं. म्हणून गुळांबाताई, शब्द लेक्टरसाठी नका शोधू. स्टार्लिंगला काय झालं त्यासाठी शोधा.

करवीरकर
वसईकर, पटलं. म्हणून आमचा कोल्हापुरी शब्द घ्या: नाद. भुरळ दुसरा घालतो. नाद आपला आपल्याला लागतो. कुस्तीचा नाद, बैलाचा नाद, तमाशाचा नाद. घरचे बोंबलतात आणि माणूस आपल्या पायानं जातो. पोरीला त्या डॉक्टरचा नाद लागला, बास. हेडिंग 'नादखुळा खुनी' करा, पत्रिका गावभर वाचली जाईल.

गुळांबा
नादखुळा नको हो, काकू कट्टा सोडतील. पण 'नाद लागला'वर विचार करतेय.

भुलेश्वर
मी भूलतज्ज्ञ, तीस वर्षं माणसं झोपवतोय, म्हणून अधिकारवाणीनं सांगतो की शब्द 'भूल' आहे. एकाच शब्दात चूक, मोह आणि बधिरपणा असं तिन्ही बसवणारी भाषा मला दुसरी माहीत नाही. लेक्टर स्वतः डॉक्टर, हातात सुई, समोर स्टार्लिंग. आणखी काय हवं?

एक मात्र. रोज ऑपरेशनआधी पेशंट मला एकच प्रश्न विचारतो, "डॉक्टर, भूल उतरेल ना?" भूल उतरते, तो तिचा धर्मच आहे. आणि कादंबरीच्या अखेरीला लेखकानं बजावून सांगितलंय की सुरुवातीच्या दिवसांतली औषधं आता त्यांच्या आयुष्यात कधीचीच नाहीत. म्हणजे भूल उतरलीय, तरी बाई टेबलावरून उठून घरी गेलेली नाही. माझं मत पाचांच्या बाजूनं धरा.

शब्दरखवालदार
असहमत. मी पुस्तक दोनदा वाचलंय, दुसऱ्यांदा रागानं. औषध थांबलं म्हणून परिणाम थांबला हे सांगतंय कोण? निवेदक. आणि हा निवेदक पहिल्या पानापासून लेक्टरच्या प्रेमात आहे.

आधीच्या पुस्तकात लेक्टर कोठडीत होता म्हणून भीती वाटायची. गजांपलीकडे उभा राहून तो नुसता बोलायचा, आणि आपण खुर्चीत मागे सरकायचो. इथे तो फ्लॉरेन्समध्ये जुन्या वाड्यातल्या ग्रंथालयाचा क्युरेटर होऊन फिरतो, सांता मारिया नोव्हेल्लाच्या दुकानातून अत्तरं-साबण घेतो. लेखक त्या वासांवर पानंच्या पानं रमतो. भीती गेली, कौतुक उरलं. वर लहानपणीच्या धाकट्या बहिणीची करुण गोष्ट. राक्षसाला कारण दिलं की राक्षस आटोपला. आणि भोवतीची माणसं, तो डुकरं पाळणारा मेसन व्हर्जर, तो सरकारी अधिकारी क्रेंडलर, इतकी किळसवाणी रंगवली आहेत की त्यांच्यापुढे लेक्टर सभ्य गृहस्थ वाटावा. हा वाचकावर टाकलेला डाव आहे. त्याला मराठीत शब्द आहे, 'भूलथाप'. भुरळ नाही, भूल नाही. भूलथाप.

भुलेश्वर
शब्द झकास, निदान चुकलं. फ्लॉरेन्सचा भाग मला सगळ्यात आवडला. तो लाचखाऊ इन्स्पेक्टर पात्झी त्याच्या पूर्वजासारखाच पालात्झो वेक्कियोच्या खिडकीतून लटकतो. पूर्वजाला १४७८ साली लटकवलं होतं, हा खरा इतिहास आहे. असं गावाच्या इतिहासात कथानक विणणं कितीजणांना जमतं?

आडवाटेचा
अवांतर, पण विषयाला धरून. गोड बोलणारा खुनी गोव्यानं प्रत्यक्ष पाहिलाय. चार्ल्स शोभराज मार्च १९८६ मध्ये तिहारमधून पळाला, पहारेकऱ्यांना गुंगीची मिठाई चारून (भुलेश्वर, तुमचंच खातं). तीन आठवड्यांनी, ६ एप्रिलला, मुंबई पोलिसांच्या मधुकर झेंडे यांनी त्याला पर्वरीच्या 'ओ कोकेरो' हॉटेलात धरला. माझे मामा तेव्हा पणजीला होते. त्यांचं म्हणणं, पुढे कित्येक दिवस लोक जेवायला कमी आणि ते टेबल बघायला जास्त जायचे. नंतर हॉटेलात त्याचा पुतळाही बसला. पाहुणे त्याच्या शेजारी बसून फोटो काढतात.

मामींचा त्याच्यासाठीचा शब्द एकच: 'गोडबोल्या'. त्या बोलताना तोंड असं करायच्या की गोड हा शब्दच कडू वाटावा. करिश्मा, वलय, तेजोवलय वगैरे म्हटलं की आपण पुतळा बसवणाऱ्यांच्या रांगेत उभे राहतो. गोडबोल्या म्हटलं की मामींच्या.

अनामिक_गोडबोले
आडनावानं गोडबोले असलेला माणूस म्हणून तीव्र निषेध. आम्ही गोड बोलतो, पुढचं काही करत नाही. हलके घ्या.

पार्ल्याची_मावशी
किती लांब जाताय सगळे! आपल्याकडे लखोबा लोखंडे होऊन गेला की. अत्र्यांचं 'तो मी नव्हेच', १९६२ चं. पणशीकर त्या पिंजऱ्यात उभे राहिले की फसलेल्या बायका एकामागून एक साक्ष देताहेत आणि टाळ्या मात्र आरोपीला! मी आईशेजारी बसले होते. आई टाळ्या वाजवत होती आणि पुटपुटत होती, "मेला किती लाघवी आहे."

तोच शब्द घ्या. लाघवी. आज आपण तो गोड पोरासाठी वापरतो, पण मुळात लाघव म्हणजे हलकेपणा, चपळाई. हस्तलाघव म्हणजे हातचलाखी. वर गोडवा, खाली चलाखी. तुमच्या डॉक्टरला मापात बसेल.

करवीरकर
मावशी, लखोबानं खून नव्हते केले. लाघवी खुनी म्हटलं की वाटतंय तो कापायच्या आधी गुदगुल्या करतो.

पार्ल्याची_मावशी
पुस्तक वाचलंत का? साधारण तसंच आहे.

निवांत_नाना
चहा झाला. आता 'उत्तरार्ध'कडे कुणी बघणार की नाही? उत्तरार्ध म्हणजे एकाच वस्तूचा दुसरा अर्धा भाग. १९८८ चं पुस्तक अपुरं होतं का? नव्हतं. शिवाय लेक्टर त्याही आधी १९८१ च्या 'रेड ड्रॅगन'मध्ये आलेला. म्हणजे हा तिसरा, आणि २००६ मध्ये त्याच्या बालपणाचा चौथा आला. चार अर्धे भाग? 'उत्तर' ठेवायचंच तर भवभूतीला विचारा. 'उत्तररामचरित' हा आपला खरा सीक्वेल. आणि गंमत बघा, परंपरेतल्या उत्तरकांडात सीता धरणीच्या पोटात जाते. भवभूतीला तो शेवट सोसला नाही, त्यानं सातव्या अंकात राम-सीतेची भेट घडवली. 'हॅनिबल'चंही तेच. २००१ च्या सिनेमानं कादंबरीचा शेवट टाकून दिला. तिथे स्टार्लिंग त्याला बेडी घालते, आणि तो तिचा हात न कापता स्वतःचा कापून निसटतो. आधीच्या सिनेमातली स्टार्लिंग, जोडी फॉस्टर, पुन्हा आली नाही, ज्युलियन मूर आली. शेवट पचला नाही की दुसऱ्यानं बदलायचा, ही रीत जुनी आहे.

शब्दरखवालदार
भवभूतीच्या पंगतीला नरभक्षक बसवलात. धन्य आहे.

वसईचा_वारा
'नरभक्षक' मला वाघासाठीच बरा वाटतो. वाघ माणूस खातो तेव्हा तो नरभक्षक. माणूसच माणसाला खात असेल तर 'स्वजातिभक्षक' म्हणावं लागेल.

आडवाटेचा
लेक्टर उद्धट माणसांनाच निवडून खातो. 'उद्धटभक्षक' म्हणा. पुण्यात कुणी उरणार नाही.

अनामिक_गोडबोले
पुण्यावर घसरल्याशिवाय आपला एक धागा पुरा होईल तर शपथ.

करवीरकर
पुण्यात काय, इथं पण कोण उरणार नाही.

गुळांबा
मंडळी, आभार. कालच्या बैठकीत सगळे शब्द वाचून दाखवले. 'गोडबोल्या'वर सातांपैकी सहा खूश, 'नाद'वर पाचही खूश, म्हणजे भांडण जिथल्या तिथे. काकूंना 'लाघवी' आवडला, पण त्या म्हणाल्या की तो नातवासाठी राखून ठेवलाय. डॉक्टरांचा 'भूल उतरेल ना' हा प्रश्न मी टिपणात नाव न घालता वापरतेय, चालेल ना? आजीच्या 'भुरळ'चं मात्र इथे कुणीच काही सांगितलं नाही.

तोवर संपादककाकांनी टिपणावर लाल पेन फिरवलं. विशेषण त्यांनी अख्खं उडवलं. 'खुनी म्हणजे खुनी, त्याला दागिने कशाला?' आणि 'थरारकादंबरी' तोडून 'थरार कादंबरी' केलंय. हे बरोबर आहे का? छपाई गुरुवारी आहे.

भुलेश्वर
वापरा खुशाल. मीठमोहऱ्यांचं मला शिकवलं नाही, नाहीतर औषधाचा खर्च वाचला असता.

शब्दरखवालदार
सामासिक शब्द आहे, जोडूनच हवा. काकांना सांगा.

निवांत_नाना
मग 'वाचन कट्टा' की 'वाचनकट्टा'? आमच्या वाचनालयाच्या पाटीवर तीन शब्द तीन ओळींत आहेत, आणि पाटीवाला म्हणतो जोडलं तर मापात बसत नाही.

शब्दरखवालदार
पाटीवाल्याचा इथे काय संबंध? मध्यमपदलोपी समास घ्या, थरार देणारी कादंबरी ती…

करवीरकर
थांबा, थरार हा शब्द तरी कुठला? आमच्यात थरार रचत्यात, दहीहंडीचे.

पार्ल्याची_मावशी
ते थर हो!