डायरेक्ट-इनडायरेक्ट: तक्ता तोंडपाठ आहे, तरी "राजू सेड दॅट आय वुड कम" कसं काय लिहितात?

खडूची_धूळ

नमस्कार मंडळी. मी परळला एका मराठी माध्यमाच्या शाळेत नववी-दहावीला इंग्रजी शिकवते, तिसरंच वर्ष आहे माझं. नववीला डायरेक्ट-इनडायरेक्ट (म्हणजे दुसऱ्याचं बोलणं आपल्या वाक्यात सांगणं) घेतलं, सात तास गेले त्यात, फळ्यावर तक्ता काढला, पोरांनी लाल पेनाने चौकटी आखून वहीत उतरवला, इझचं वॉज, विलचं वुड, नाऊचं देन, टुमॉरोचं द नेक्स्ट डे, झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतील इतका पाठ आहे. आणि चाचणीत मी वाक्य काय दिलं, राजू सेड, "आय विल कम टुमॉरो". निम्म्या वर्गाने लिहिलंय "राजू सेड दॅट आय वुड कम द नेक्स्ट डे". म्हणजे तक्त्यातलं सगळं बदललं आणि तो 'आय' तेवढा तसाच उभा!

प्रश्नार्थक वाक्यांत तर विचारूच नका. "व्हेअर आर यू गोइंग?" याचं "ही आस्क्ड मी दॅट व्हेअर वॉज आय गोइंग?" आणि वर प्रश्नचिन्ह पण. शिवाय "सेड मी", "टोल्ड टू मी" आहेतच. बोर्डात याला फार मार्क नाहीत हे मला माहितीये, पण सात तास घालवून हे असं आलं की आपलंच काहीतरी चुकतंय असं वाटायला लागतं. कुणी वेगळ्या पद्धतीने शिकवलंय का?

मार्क_मिळवा

मॅडम, मी मुलुंडला क्लासमध्ये शिकवतो. यात वेगळं काही नाही, प्रॅक्टिस कमी पडतेय. आधी रिपोर्टिंग व्हर्ब, म्हणजे सेड-आस्क्ड वगैरे म्हणणारं क्रियापद, बघायचं, मग कॉमा आणि इन्व्हर्टेड कॉमा काढायचे, जोडशब्द टाकायचा, मग सर्वनाम, मग काळ, मग वेळ-जागेचे शब्द. याच क्रमाने पन्नास वाक्यं घ्या. पोरं आपोआप लायनीवर येतात. फार खोलात गेलात तर अजून गोंधळतील.

निवृत्त_पण_चालू

अगं धूळबाई, तुझं काही चुकत नाहीये आणि पोरांचंही नाही. गिरगावात एकतीस वर्षं हेच केलं मी, आणि त्यातली पहिली दहा-बारा वर्षं तुझ्यासारखीच तक्त्याच्या मागे लागून घालवली. मग एक दिवस एका मुलीने डोळे उघडले.

पालकसभेच्या आदल्या दिवशी सातवीतली एक मुलगी येऊन म्हणाली, "बाई, आई म्हणाली मी उद्या येणार नाही." मी म्हटलं बरं, आणि वहीत लिहून ठेवलं की ही उद्या गैरहजर. दुसऱ्या दिवशी ही आपली पहिल्या बाकावर हजर, आणि सभेला आईचा पत्ता नाही! मग लक्षात आलं, तो 'मी' आईचा होता. मराठीत आपण बोलणाऱ्याचं बोलणं जसंच्या तसं उचलून पुढे देतो, त्याच्या 'मी'सकट. तो म्हणाला की मी येईन. यातला 'मी' त्याचा की माझा ते आपण प्रसंगावरून ओळखतो, व्याकरण तिथे मदत करत नाही. आता याच सवयीचं पोर इंग्रजीत "राजू सेड दॅट आय..." लिहिणार नाही तर काय करणार? तिच्या दृष्टीने तो राजूचाच 'आय' आहे. फक्त इंग्रजी वाचणाऱ्याला वाटतं की लिहिणारी स्वतःच येणार आहे.

म्हणून मी नंतर क्रमच उलटा केला. काळ सगळ्यात शेवटी. सुरुवात आज्ञार्थी वाक्यांनी, जी पुस्तकात बहुतेक शेवटाकडे असतात. का सांगते, तर तिथे मराठी आणि इंग्रजी एका वाटेने चालतात. "बाईंनी आम्हाला बसायला सांगितलं", टीचर टोल्ड अस टू सिट. बसायला म्हणजे टू सिट, विषय संपला. काळ बघायचा नाही, दॅट नाही, काही नाही. पहिल्याच तासाला कच्चं पोरसुद्धा दहातली आठ वाक्यं बरोबर आणतं आणि त्याला वाटतं की अरे हे जमतंय. फक्त नकार आला की अडखळतात, कारण "बोलू नका असं सांगितलं" असं आपण म्हणतो, त्यामुळे "टोल्ड अस दॅट डोन्ट टॉक" येतं. तिथे 'नॉट टू टॉक' एवढं घोटून घ्यायचं.

दुसऱ्या तासाला निरोप. एकाला वर्गाबाहेर न्यायचं, कानात एक वाक्य सांगायचं, आणि त्याने आत येऊन ते माझ्या नावाने वर्गाला सांगायचं. "आय अॅम हंग्री" असं मी सांगितलं आणि त्याने आत येऊन "टीचर सेड दॅट आय अॅम हंग्री" म्हटलं की आपण लगेच त्याच्यापुढे डबा धरायचा. वर्ग हसतो, आणि 'शी' कुठून येते ते त्याला न सांगता कळतं.

आणि तो 'की'! सगळ्या भानगडीचं मूळ ते अक्षर आहे. म्हणाला की, विचारलं की, सांगितलं की, मराठीत सगळीकडे एकच 'की' चालतो म्हणून पोरं सगळीकडे 'दॅट' ठोकतात. मी त्यांना सांगायचे, साध्या विधानाला 'की' म्हणजे दॅट. प्रश्नात कुठे, कधी, कोण असं काही असेल तर 'की' गिळून टाका, तो व्हेअर किंवा व्हेनच जोडायचं काम करतो. आणि प्रश्नाच्या शेवटी 'का' असेल, "येतोस का", तर तो 'का' उचलून पुढे आणा आणि 'इफ' करा. हे त्यांच्या डोक्यात बसतं कारण 'का' त्यांच्या ओळखीचा आहे.

डेस्कवाला

शिक्षक नाही, पण राहवलं नाही म्हणून लिहितोय. मी वर्तमानपत्रात डेस्कवर आहे, रोज रात्री वृत्तसंस्थेची इंग्रजी बातमी मराठीत आणायची हेच काम. म्हणजे तुमची पोरं जे करतात त्याच्या उलटं. तिकडून येतं "ही सेड ही वुड नॉट रिझाइन" आणि नवीन आलेला मुलगा लिहितो "तो राजीनामा देणार नाही असे त्याने सांगितले", आता हा 'तो' नक्की कोण, मंत्री की त्याचा सचिव?

यावर मराठी पेपरांत जुना तोडगा आहे, 'आपण'. "आपण राजीनामा देणार नाही, असे ते म्हणाले." हा 'आपण' म्हणजे जो बोलला तो स्वतःच, दुसरा कुणी नाही. निवृत्तबाईंच्या त्या मुलीने "आई म्हणाली, आपण उद्या येणार नाही" म्हटलं असतं तर... बरं, बोलताना असं कुणी म्हणत नाही आणि 'आपण सगळे' असाही अर्थ निघाला असता, पण लिहिताना हे चालतं. मला वाटतं पोरांना थेट 'आय'वरून 'ही'वर उडी मारायला लावण्याऐवजी मधे ही एक पायरी देऊन बघा. आधी मराठीत 'मी'चा 'आपण' करा, मग त्या 'आपण'ला विचारा तू बाई की पुरुष, एकटा की दोघंतिघं, त्याप्रमाणे ही, शी, दे.

अजून एक गंमत, 'मी उद्या येते' असं एखाद्या मुलाने आईचं म्हणून सांगितलं तर 'येते'वरून कळतं की हे आईचं वाक्य आहे. 'येईन' किंवा 'येणार' म्हटलं की तो पुरावा गेला.

गोवंडी_तास_चौथा

माझ्या वर्गात मराठी बोलणारे कमी आहेत (आपल्या महापालिकेच्या शाळा आठ भाषांतून चालतात, पण एकाच माध्यमाच्या वर्गातही घरची भाषा प्रत्येकाची वेगळी), पण दुखणं हेच. हिंदीवाली पोरं पण "उसने बोला कि मैं आऊंगा" म्हणतात, तोही 'मैं' त्याचाच. तेव्हा हे फक्त मराठीचं नाही. निरोपवाला खेळ मी पण घेते, फक्त मी स्टेशनवरच्या घोषणा वापरते कारण त्या सगळ्यांना पाठ असतात. "कृपया पिवळ्या रेषेच्या मागे उभे राहा" याचं "दे आस्क्ड अस टू स्टँड बिहाइंड द यलो लाइन". पोरं घोषणेचा आवाज काढून दाखवतात, तास रंगतो.

प्रश्नाच्या उलट्यासुलट्याबद्दल एक सांगू का. आपण पाचवीपासून त्यांच्या मागे लागून 'आर यू, इज ही' असं उलटं करायला शिकवलेलं असतं. मराठीत प्रश्न विचारताना शब्द जागचे हलत नाहीत, "तू कुठे चाललास", कर्ता आपला पहिलाच. त्यामुळे ते उलटं करणं पोरांनी रक्त आटवून शिकलेलं असतं आणि आता आपण म्हणतो इनडायरेक्टमध्ये परत सुलटं करा. वैतागतात बिचारी. मी सांगते, आता तू प्रश्न विचारत नाहीयेस, कुणीतरी विचारलेला सांगतोयस, म्हणून प्रश्नचिन्ह गेलं, आणि प्रश्नचिन्ह गेलं की उलटं पण गेलं. दोन्ही एकाच पिशवीत. "व्हेअर आय वॉज गोइंग". हे ऐकून एकाने विचारलं, म्हणजे मराठीसारखं? म्हटलं हो बाबा, कर्त्यापुरतं मराठीसारखं.

पण काळाच्या बाबतीत मला तक्ता पटत नाही. आत्ता फोन आला, आई म्हणाली मी दादरला आहे, आणि मी लगेच तुम्हाला सांगतेय, तर "शी सेज शी इज इन दादर" हेच बरोबर ना? म्हणणारं क्रियापद वर्तमानात असेल तर काळ बदलायचा नसतोच. आणि आजचं आजच सांगत असेन तर टुडेचं दॅट डे कशाला? सूर्य पूर्वेला उगवतो हे वाक्य पण तसंच ठेवता येतं.

मार्क_मिळवा

मॅडम, बोलण्यात ठीक आहे. पेपरात 'सेड'च्या पुढे 'इज' ठेवलं की तपासणारा लाल करणार. पोराचा मार्क जातो, तुमची चर्चा त्याच्या कामाची नाही.

गोवंडी_तास_चौथा

सर, मार्क मी पण घालवू देत नाही. मी त्यांना कारण सांगते इतकंच. पेपरातल्या वाक्यात कधी बोलला, कुठे बोलला काहीच दिलेलं नसतं, म्हणून धरून चालायचं की हे मागे कधीतरी, दुसरीकडे कुठेतरी झालंय आणि तू आज इथे बसून सांगतोयस. म्हणून हिअरचं देअर, म्हणून नाऊचं देन. मग तक्ता पाठ करायची गरजच उरत नाही, अर्धा तक्ता पोरं स्वतः बनवतात. 'यस्टरडे'चं 'द डे बिफोर' एका मुलीने न सांगता काढलं माझ्याकडे.

निवृत्त_पण_चालू

गोवंडीबाई, शंभर टक्के. आणि क्लासवाल्या सरांना एकच विचारते, पन्नास वाक्यं घेतलीत आणि पन्नासही वेळा पोराने 'आय' तसाच ठेवला तर प्रॅक्टिस कशाची झाली? (रागावू नका हो, माझा मुलगाही क्लासच चालवतो.)

बाकी 'सेड मी'चं सांगायचं राहिलं. आपलं "मला म्हणाला", "मला सांगितलं", दोन्हीकडे 'मला', म्हणून पोरांना फरक कळत नाही. मी नियम न देता दोन बाकं ठेवायचे. एक 'सेड'चं, त्याच्या शेजारी माणूस बसवायचाच असेल तर मधे 'टू'ची पिशवी ठेवावी लागते. दुसरं 'टोल्ड'चं, त्याला माणूस खेटूनच लागतो. बालिश वाटेल, पण नववीची मुलं अजून बालिशच असतात, मिशा फुटल्या म्हणून काय झालं.

खडूची_धूळ

सगळ्यांना खरंच थँक्यू. आठवडा गेला मधे, करून बघितलं म्हणून सांगायला आले.

बसायला-सांगितलं वाला तास एकदम हिट. शिपाईकाका नोटीस घेऊन आले होते, त्यांनाच वर्गात थांबवून त्यांच्याकडून सूचना द्यायला लावल्या, "पंखे बंद करा, जिन्यात धावू नका" वगैरे, आणि पोरांनी त्याचं इंग्रजी केलं. नकाराचं सांगितलंत तसंच झालं, तिघांनी "दॅट डोन्ट रन" लिहिलं, बाकी ठीक. डब्याचा प्रयोग पण केला, माझा डबा अर्धा संपला त्यात.

'आपण'ची पायरी मात्र अर्धवट चालली, डेस्कवाले. वाचनाची सवय असलेल्या मुलांना लगेच कळली, पण बऱ्याच जणांना 'आपण' म्हणजे 'आपण सगळे' एवढंच माहीत आहे, त्यांनी 'वी' लिहून टाकलं. म्हणून मी 'आपण' सोडून 'बोलणारा स्वतः' असं लिहायला लावलं, राजू म्हणाला की 'बोलणारा स्वतः' येईल, मग जमलं. कालच्या दहा वाक्यांत 'आय' तसाच ठेवणारे बावन्नपैकी नऊ होते, आधी निम्मे होते.

मार्क_मिळवा सर, तुमचा क्रम शेवटच्या तासाला दिला हं, उजळणीला तो बरा पडतो.

आता नवीन अडचण. एका मुलाने विचारलंय, "बाई, 'उद्या सुट्टी आहे म्हणे', यातल्या 'म्हणे'चं इनडायरेक्ट काय करायचं? कोण म्हणालं तेच माहीत नाहीये." मी म्हटलं उद्या सांगते.

डेस्कवाला

आमच्याकडे त्याला 'सूत्रांनी सांगितले' म्हणतात.

गोवंडी_तास_चौथा

😂 धूळताई, "आय हिअर देअर इज अ हॉलिडे टुमॉरो" सांगा. नाहीतर "दे से". त्यातल्या 'दे'ला पण चेहरा नसतो, आपल्या 'म्हणे'सारखाच. आणि सुट्टी खरंच आहे का उद्या?