पिल्लाला जगाची ओळख: डोस पूर्ण होईपर्यंत काय करायचं?

पेठकर:
शेजारी कुत्र्याचं दोन महिन्यांचं पिल्लू आलंय. रात्रीचं त्याचं कुईकुई ऐकून आमच्या वाघ्याची आठवण झाली, म्हणून धागा काढतोय. त्यांना कुणीतरी सांगितलंय, लसीचे सगळे डोस होईपर्यंत पिल्लू उंबऱ्याबाहेर काढायचंच नाही. पार्वोची, म्हणजे पिल्लांना उलट्या-जुलाब लावणाऱ्या जीवघेण्या विषाणूची, भीती खरीच आहे. पण माणसं, गाड्या, आवाज अंगवळणी पडायचं वय साधारण 3 ते 14 आठवडे, आणि डोस संपतात 16 आठवड्यांच्या आसपास. थांबलं तर ते वय हातचं जातं, मग मोठं झाल्यावर कुत्रं दुचाकीवर भुंकतं नाहीतर पलंगाखाली शिरतं. जमिनीला पाय न लावता कसं फिरवायचं, जाणकारांनी सविस्तर लिहा.

कळंबारोड:
उचलून न्यायचं. ओढणीची झोळी नाहीतर पुढं अडकवायची बॅग, तळाला जुना टॉवेल. आपल्या कोल्हापुरात गंगावेशीत म्हशी उभ्या असतात तिथनं वीस-पंचवीस फूट लांब थांबा. चिकन नुसतं उकडलेलं, मीठ नाही, हळद नाही, हरभऱ्याएवढे तुकडे. म्हैस दिसली की तुकडा, केएमटीची बस गेली की तुकडा. आधी ती गोष्ट दिसू दे, मग खाऊ. उलटं केलं तर पिल्लू नुसतं हाताकडं बघत बसतं. पाच-दहा मिनिटं बास.
तुकडा तोंडाशी नेला तरी घेत नाही, सारखं ओठ चाटतंय, झोप नसताना जांभया देतंय, शेपूट पोटाखाली गेलीय, म्हणजे आपण फार जवळ आलोय. मागं सरकायचं. परत खायला लागलं की तेवढं अंतर बरोबर. ‘होईल सवय’ म्हणून तिथंच धरून ठेवलं तर भीती पक्की बसते.

मिनू_राजारामपुरी:
आमच्या गल्लीतली पोरं पिल्लू दिसलं की या हातातनं त्या हातात फिरवतात. काय करायचं?

कळंबारोड:
मिनूताई, पोरांना मांडी घालून खाली बसवा. पिल्लानं पोरांकडं जायचं, पोरांनी पिल्लाकडं नाही. वरनं डोक्यावर थापटायचं नाही, छातीवर खाजवायचं. एका वेळी दोन पोरं लई झाली.

फुलेवाडीकर:
डोसाचं लिहितो. पहिला 6 ते 8 आठवड्यांचं असताना, मग दर 2 ते 4 आठवड्यांनी, 16 आठवडे भरेपर्यंत. परत परत का? आईच्या चिकातनं आलेली ताकद लसीला काम करू देत नाही, आणि ती कधी उतरेल ते प्रत्येक पिल्लाचं वेगळं. रेबीजची लस 3 महिने झाल्यावर, त्यामुळं तोवर भटक्या कुत्र्यांपास्नं लांबच.
दवाखान्यात फरशीवर अजिबात सोडू नका, आजारी पिल्लं तिथंच येतात. नंबर लावायचा आणि बाहेर गाडीवर मांडीत घेऊन बसायचं. फिनेलनं पार्वो मरत नाही! आधी घाण धुऊन काढा, मग 1 भाग ब्लीच 30 भाग पाण्यात, 10 मिनिटं फरशी ओली ठेवा, नंतर साफ पाणी. ब्लीचमध्ये ॲसिड, फिनेल काही मिसळायचं नाही. मातीत हा विषाणू महिनोन्‌महिने राहतो, चपलेवरनं घरात येतो. उलट्या, रक्ताचे घाण वासाचे जुलाब, खाणं बंद, असं दिसलं तर संध्याकाळची वाट बघू नका.

गंगावेसभाऊ:
तांबड्या रश्श्यातलं हाडूक दिलं तर चालतंय का? लई मागं लागतंय.

मिनू_राजारामपुरी:
नको हो भाऊ! कांदा-लसूण बाधतो कुत्र्याला. शिजलेल्या हाडाच्या तर फाका होतात, घशात-आतड्यात रुततात. मसाला पडायच्या आधी एक बोटी बाजूला काढून ठेवा.

गंगावेसभाऊ:
बरं झालं विचारलं 🙏 घरात सगळ्यांना सांगतो.

वहिनी_शाहूपुरी:
कुकर बघत लिहितेय, तुटक वाटलं तर समजून घ्या. घरातसुद्धा खूप होतं. पोतं, पत्रा, स्टीलची परात, वाळू असं पसरून त्यावर खाऊ टाका, पायाला सगळं कळू दे. रोज पंजा धरायचा, कान उघडून बघायचा, ओठ वर करून दात बघायचे, प्रत्येक वेळी खाऊ. नखं कापताना पुढं त्रास होत नाही. मिक्सर आधी लांबच्या खोलीत लावा. गणपतीच्या ढोल-ताशाचं आणि फटाक्यांचं रेकॉर्डिंग फोनवर एकदम बारीक, जेवताना. दचकलं नाही तरच दुसऱ्या दिवशी थोडं मोठं. आणि विसर्जनाला महाद्वार रोडला पिल्लू घेऊन जाणाऱ्यांना हात जोडून विनंती, नका नेऊ. तो आवाज आपल्यालाच छातीत बसतो.

पेठकर:
वहिनी, परातीचं आत्ताच शेजारी सांगून आलो. दुसरी कुत्री कधी दाखवायची?

फुलेवाडीकर:
पहिल्या डोसानंतर आठवडाभरानं, जंत काढलेले असतील तर. ओळखीच्या घरचं, लसी पूर्ण झालेलं, पिल्लांशी शांत वागणारं मोठं कुत्रं. पट्टा सैल. दोन-तीन सेकंद हुंगू दे, मग पिल्लाला हाक मारून बाजूला घ्या, परत यायला बघितलं तर सोडा. ज्या घरात वर्षभरात पार्वो झालाय तिथं जाऊ नका. पावसाळ्यात पंचगंगेचं पाणी उतरल्यावरच्या चिखलात तर नाहीच, उंदरांच्या मुतातनं लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा आजार) होतो आणि तो माणसालाही होतो. त्याची लस वेगळी विचारून घ्या, पहिल्यांदा दोन डोस लागतात.

गंगावेसभाऊ:
रिक्षात ओकतंय, त्याला काय?

वहिनी_शाहूपुरी:
निघायच्या आधी दोन-तीन तास जेवण नको, पाणी चालेल. आधी बंद रिक्षात नुसतं बसवा, मग गल्लीच्या कोपऱ्यापर्यंतच न्या. कुकर झाला, जाते.