शंभर सीसीच्या जुन्या गाडीत आणखी बदल करावेत का? पुढची सहा-सात वर्षे तीच चालवायची आहे

प्रश्न: शेतकरी, घाटंजी तालुका, यवतमाळ

नमस्कार मंडळी. माझ्याकडे २०१५ सालची, शंभर सीसीची, कार्बोरेटरवाली गाडी आहे. दोन वर्षांपूर्वी चुलतभावाकडून घेतली तेव्हा ती ४१ हजार किलोमीटर चाललेली होती आणि आज काटा ५८ हजारांवर आहे. भावाने हौसेने कंपनीचे सायलेन्सर काढून मोठ्या आवाजाचे बसवले होते, फिल्टरची पेटी काढून शंकूच्या आकाराचा उघडा फिल्टर लावला होता आणि गाडी मोकळी दिसावी म्हणून चेनचे पूर्ण झाकणही काढून टाकले होते. मी ती तशीच वापरत आलो.

रोज सकाळी वीस लिटरच्या दोन कॅन दूध घेऊन मला नऊ किलोमीटरवरच्या संकलन केंद्रावर जावे लागते आणि त्यातले तीन किलोमीटर पांदण रस्ता आहे. पावसाळ्यात तिथली काळी माती मडगार्डमध्ये अशी गच्च भरते की चाक फिरेनासे होते आणि काडीने उकरून काढल्याशिवाय पुढे सरकता येत नाही. हरभऱ्याच्या दिवसांत आठवड्यातून तीन-चार रात्री ओलितासाठी वावरात जावे लागते, कारण कृषिपंपाची वीज तेव्हा रात्रीचीच असते, आणि वाटेत रोही (नीलगायी) अचानक आडवे येतात.

म्हणून मागचे स्प्रॉकेट (चेन ज्यावर फिरते ते दातेरी चक्र) मोठे करणे, दोन्ही बाजूंना कॅनसाठी कॅरिअर, पुढे दोन एलईडी दिवे आणि मागे रुंद टायर असा माझा विचार आहे. गावातले काही जण सांगतात की कंपनीच्या गाडीला हात लावला की तिचे आयुष्य संपले. काहींच्या मते काहीच फरक पडत नाही. हजार किलोमीटरला साधारण दोनशे मिलिलिटर ऑइल कमी होते आणि भरल्या गाडीने चढ चढताना मागे निळसर धूर दिसतो, हेही सांगून ठेवतो. दुसरी गाडी घेण्याची सध्या ऐपत नाही, त्यामुळे अनुभवी माणसांनी स्पष्ट सांगावे ही विनंती.

उत्तर: दुचाकी मिस्त्री, दारव्हा

भाऊ, तुम्ही जे बदल करणार आहात त्यांच्याबद्दल नंतर लिहितो, कारण तुमच्या गाडीचे खरे नुकसान आधीच झालेल्या बदलांनी केले आहे आणि ते अजून रोज चालू आहे.

उघडा फिल्टर आधी काढा. कंपनीची फिल्टरची पेटी सीटखाली, बाजूच्या झाकणामागे असते आणि तिचे तोंड अशा जागी ठेवलेले असते की चाकांनी उडवलेली धूळ सरळ आत जाऊ नये. शंकूचा फिल्टर मात्र इंजिनाच्या मागे, धुळीच्या लोटातच उघडा राहतो. उन्हाळ्यात पांदणीतून गाडी जाते तेव्हा उडणारी धूळ पिठासारखी बारीक असते. स्वस्त फिल्टरच्या जाळीतून ती आत शिरते, सिलिंडरच्या भिंतीवरच्या ऑइलमध्ये मिसळते आणि पिस्टनच्या रिंगा पॉलिश पेपरने घासाव्यात तशा घासत राहते. मागच्या मे महिन्यात अशीच एक गाडी मी उघडली होती. कार्बोरेटरच्या पुढच्या नळीत बोट फिरवले तर बोटाला तांबूस-काळी भुकटी लागली आणि सिलिंडरच्या भिंतीवरच्या उभ्या रेघा नखाला जाणवत होत्या. ती गाडी ३५ हजारही चाललेली नव्हती. ओढ पडल्यावर निळा धूर येणे हे बहुतेक वेळा रिंगा झिजल्याचेच लक्षण असते. सकाळी पहिल्या किकला थोडा धूर येऊन बंद होत असता तर मी आधी व्हॉल्व्हच्या सीलवर संशय घेतला असता.

सायलेन्सर आणि फिल्टर दोन्ही मोकळे केले, पण कार्बोरेटरचा जेट (पेट्रोल सोडणारे बारीक छिद्र) तोच ठेवला, की हवा जास्त आणि पेट्रोल कमी असे मिश्रण होते व इंजिन जास्त तापते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असतो आणि हे इंजिन फक्त वाऱ्यावर थंड होते. त्यात इंजिनाच्या पात्यांवर वाळलेला चिखल राहिला तर ती उष्णता बाहेर पडायला वाटच उरत नाही. म्हणून चिखलातून आल्यावर गाडी थंड होऊ द्या आणि मग इतर काही धुतले नाही तरी ती पाती तेवढी धुवा.

चेनचे झाकण हा आपल्या भागातल्या गाडीचा सर्वात दुर्लक्षित भाग आहे, असे माझे ठाम मत आहे. उघड्या चेनवर ऑइल टाकले की त्याच्यावर धूळ बसते आणि ती चेन दोन्ही स्प्रॉकेटांचे दात खात सुटते. तुम्ही स्प्रॉकेट बदलणारच असाल तर चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकदमच बदला आणि झाकण परत बसवा, कारण झिजलेली चेन नव्या दातांनाही तसेच खाते.

मागचे स्प्रॉकेट थोडे मोठे करण्यास माझी हरकत नाही, पण हिशेब समजून घ्या. पुढे १४ आणि मागे ४२ दात असतील तर पुढचे तीन वेळा फिरल्यावर मागचे एकदा फिरते. मागे ४५ दात केले तर हे प्रमाण ३.२१ होते, म्हणजे त्याच वेगाला इंजिन सुमारे सात टक्के जास्त फिरते. ओझे ओढताना क्लचप्लेटला आराम मिळतो, मोकळ्या रस्त्यावर मात्र पेट्रोल थोडे जास्त लागते. अशा गाड्यांचा काटा पुढच्या चाकावर चालतो, त्यामुळे त्याला हा बदल कळत नाही. म्हणून ऑइल बदलताना काट्यावरच्या आकड्यापेक्षा थोडे आधीच बदला. तुमच्या वापराला मी तीन हजार किलोमीटरची वाट पाहणार नाही.

रुंद टायर लावू नका. वजन वाढते, मडगार्डमधली जागा कमी होते आणि तुमच्या चिखलाचा त्रास दुप्पट होतो.

उत्तर: संत्रा उत्पादक, वरुड तालुका, अमरावती

मिस्त्रींच्या म्हणण्याशी मी बहुतांशी सहमत आहे, फक्त बदल म्हणजे नुकसानच असा समज कोणी करून घेऊ नये म्हणून लिहितो. माझी शंभर सीसीची गाडी १ लाख १२ हजार किलोमीटर चालली आहे, तिला कॅरिअर आहे, मागचे स्प्रॉकेट बदललेले आहे आणि इंजिन आजवर एकदाच उघडले आहे.

माझी चूक कॅरिअरमध्ये झाली होती. पहिले कॅरिअर वेल्डिंगवाल्याने थेट चेसिसच्या शेपटीला वेल्ड करून दिले आणि एका पावसाळ्यानंतर तिथे बारीक तडा गेला. तडा वेल्डमध्ये पडला नव्हता, त्याच्या शेजारच्या पाइपवर पडला होता, कारण वेल्डिंगच्या उष्णतेने तिथले लोखंड कमजोर होते आणि खड्ड्यांचे सगळे हादरे त्याच एका जागी येऊन थांबतात. सुदैवाने तो गाडी धुताना दिसला, नाहीतर भरल्या गाडीसकट रस्त्यावर पडलो असतो. दुसरे कॅरिअर मी आधीपासून असलेल्या बोल्टच्या भोकांवरच कसून घेतले, त्याखाली रबरी वॉशर घातले आणि आजही दर पंधरा दिवसांनी ते बोल्ट पाना लावून तपासतो.

वजनाचाही हिशेब करा. चाळीस लिटर दूध म्हणजे सुमारे ४१ किलो, कॅनचे सात-आठ किलो आणि तुमचे स्वतःचे ६५ किलो धरले तर ११५ किलोच्या जवळ जाते. या वर्गातल्या गाड्यांच्या पुस्तिकेत चालक आणि सामान मिळून १३० किलोच्या आसपासची मर्यादा दिलेली असते. म्हणजे तुम्ही एकटे जात असाल तर गाडी ते ओझे पेलेल, पण परतीच्या वाटेवर ढेपेचे पोते आणि मागे माणूस, दोन्ही एकाच फेरीत घेऊ नका. कॅन शक्यतो खाली आणि मागच्या चाकाच्या आसाजवळ राहतील असे बघा. ते आसाच्या मागे गेले की पुढचे चाक हलके होते आणि चिखलात हँडल ताब्यात राहत नाही.

शॉकअपला कडक स्प्रिंगा घालण्याचा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईलच. मी घालून काढल्या. गाडी दबेनाशी झाली, पण सगळा धक्का शॉकअपच्या बुशांवर आणि चेसिसवर जाऊ लागला. मूळ शॉकअप चांगल्या स्थितीत ठेवणे आणि स्विंगआर्मचे (मागचे चाक धरणाऱ्या दांड्याचे) बुश वेळेवर बदलणे जास्त उपयोगी पडले.

उत्तर: कृषी सहायक, वाशीम जिल्हा

दादा, दिव्यांबद्दल मला लिहावेसे वाटते, कारण त्याचा त्रास मी स्वतः भोगला आहे. माझ्या गाडीला आधीच्या मालकाने दोन दिवे लावले होते आणि त्यांची वायर मूळ वायरिंग सोलून, पिळून, वर चिकटपट्टी गुंडाळून जोडलेली होती. हँडल वळते त्या जागी ती वायर घासत राहिली आणि एका जुलैच्या रात्री पावसात, शिवाराच्या मधोमध गाडी बंद पडली. दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी दाखवले तेव्हा कळले की फ्यूजच्या जागी कोणीतरी तांब्याची तार घातली होती. वायर जळत गेली तरी तिला थांबवणारे काहीच नव्हते.

वीस वॉटचे दोन दिवे म्हणजे ४० वॉट, बारा व्होल्टला सुमारे ३.३ अँपिअर. छोट्या गाड्यांची बॅटरी तीन अँपिअर-तासांच्या आसपासची असते. गाडी बंद करून वावरात दिवे चालू ठेवले तर ती तासाभरातच बसेल आणि असे वारंवार झाले की बॅटरी कायमची निकामी होईल. म्हणून दिवे रिले (दिव्यांचा प्रवाह मूळ बटणावर न टाकता चालू-बंद करणारा स्विच), वेगळा फ्यूज आणि वेगळी वायर घालूनच लावा, जोड टाकीखाली कोरड्या जागी घ्या आणि ओलितासाठी डोक्याला लावायची टॉर्च वापरा. दिव्यांचा झोत खाली ठेवा, म्हणजे समोरून येणाऱ्याचे डोळे दिपणार नाहीत.

कायद्याची बाजूही ध्यानात ठेवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी पुस्तकातला तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका स्पष्ट केली. कलम १८२ अ मध्ये अशा प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. मोठ्या आवाजाच्या सायलेन्सरवर ध्वनिप्रदूषणाची कारवाई वेगळी होऊ शकते. अपघातानंतर विम्याचा दावा अडतो तो बहुतेक अशाच गोष्टींवरून.

प्रश्नकर्ता

सर्वांचा आभारी आहे. काल चुलतभावाच्या घरी माळ्यावर शोधले तेव्हा फिल्टरची मूळ पेटी, सायलेन्सर आणि चेनचे झाकण, तिन्ही सापडले. झाकण थोडे चेपले आहे, सायलेन्सर ठीक दिसते. पेटीपासून कार्बोरेटरपर्यंत जाणारी रबरी नळी मात्र घडीच्या जागी तडकली आहे. ती चिकटपट्टी गुंडाळून वापरली तर चालेल का? रुंद टायरचा विचार सोडला आहे.

उत्तर: दुचाकी मिस्त्री, दारव्हा

नाही भाऊ, ती नळी नवीनच घ्या. ती फिल्टरच्या पुढे, कार्बोरेटरच्या बाजूला असते, त्यामुळे तिथल्या तड्यातून आत गेलेली धूळ कोणत्याही फिल्टरमधून न जाता सरळ इंजिनात पोचते. पेट्रोलच्या वाफेने चिकटपट्टी महिनाभरात सुटते आणि बाहेरून ते कळतही नाही. नळी बसवल्यावर दोन्ही टोकांच्या क्लिपा कसून घ्या. हे झाल्यावर हेड उघडून सिलिंडर बघू. रेघा नखाला लागत नसतील तर रिंगा बदलून भागेल. लागत असतील तर बोअर करून, म्हणजे सिलिंडर आतून थोडा कापून मोठा करून, पाव मिलिमीटर मोठा पिस्टन घालावा लागेल आणि त्यानंतरचे पाचशे किलोमीटर गाडीवर दुधाच्या कॅन लादता येणार नाहीत, तेवढ्या दिवसांची दुसरी सोय आधी करून ठेवा. स्प्रॉकेट आणि कॅरिअरचे काम त्यानंतर हाती घेऊ.