युकुलेले बनवायचंय : ४,०००मध्ये कुठले क्लॅम्प, कुठली हत्यारं?

फोंड्याचा_नवशिका: लेकीसाठी कॉन्सर्ट आकाराचं युकुलेले, म्हणजे चार तारांची छोटी गिटार, करतोय; तारेची लांबी ३८ सेंमी. घरात आबांचा रंधा, दोन पटाश्या आणि गुण्या आहे. फणसाची जुनी फळी मिळाली आहे. चिकटवताना आवळून धरायला क्लॅम्प एकही नाही. बजेट ४,०००, त्याच्या वर एक रुपया नाही.

म्हापसेकर७१: एकदाच चांगलं घ्या. मी बारा कॅम क्लॅम्प (कॅम म्हणजे गोलसर दांडी, ती फिरवून आवळतात) बाहेरून मागवले, कस्टमसकट पंधरा हजार पडले. जबड्याला बूच असतं, लाकडावर वळ उठत नाही. आजपर्यंत एकाचीही तक्रार नाही.

डिचोलीचा_सुतार: पंधरा हजार कशाला? माणगा बांबूच्या कांबी काढा. माणगा भरीव असतो, वाकतो पण मोडत नाही. खाली एक जाड फळी, वर एक, मध्ये चार खांब. दोन फळ्यांच्या अंतरापेक्षा कांब दोन-तीन सेंमी लांब ठेवा, वाकवून अडकवा. आतल्या पट्ट्या चिकटवताना हव्या तितक्या जागी दाब देता येतो. खर्च जवळपास शून्य.

तंबोरा_आणि_मी: लाकूड तून नावाच्या झाडाचं घ्यायला हवं होतं. मिरजेला सतारी-तंबोऱ्यांत तूनच वापरतात. २०२४मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय टॅग (भौगोलिक मानांकन) मिळाला, तो काय उगाच?

डिचोलीचा_सुतार: वीणा फणसाचीच करतात हो. मृदंगही.

मडगावची_व्हायोलिनवाली: लाकडापेक्षा गोंदाचं बघा. मी बनवलेल्या पहिल्या व्हायोलिनला सरस (जनावराच्या कातड्या-हाडांचा गोंद) वापरला, घट्ट बसला. जुलैत खोलीत ओल धरली आणि मागची फळी कडेला सुटली. बोट फिरवलं तर नखाएवढी फट! नंतर पुन्हा चिकटवली, पण तो आवाज परत आला नाही. पावसाळ्यात काही चिकटवू नका, दिवाळीपर्यंत थांबा.

म्हापसेकर७१: सरस उत्तमच असतो, तुमचा पातळ झाला असेल.

मडगावची_व्हायोलिनवाली: पातळ नव्हता. चाळीस वर्षं वाजवतेय, मला कळतं.

पणजी_रिपेअर: कांबींचं बरोबर आहे, मीही तेच करतो. पण ब्रिज, म्हणजे तारा टेकतात ती पट्टी, चिकटवताना आवाजाच्या भोकातून हात घालावा लागतो. साधा जी-क्लॅम्प तिथपर्यंत पोचत नाही, त्याचा घसा, म्हणजे तोंडाची खोली, कमी असते. खोल घशाचा एक तरी घ्या. फ्रेटच्या (मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांच्या) चिरा हॅकसॉने पाडू नका, चीर रुंद होते, फ्रेट सैल बसते. बारीक करवत हवी, चीर ०.६ मिमीच्या आतच. आणि क्लॅम्प स्वतः बनवायच्या भानगडीत पडू नका. माझा पहिला फाटला, सोबत वरची फळीही गेली.

काणकोणकर: सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या कापा, गुंडाळा, झालं. आणि हत्यारांच्या पेटीत कापूर ठेवा, गंज चढत नाही. माझी पटाशी आठ वर्षं चकचकीत आहे.

म्हापसेकर७१: कांबी बऱ्या, पण कॅम क्लॅम्प ते कॅम क्लॅम्प.

फोंड्याचा_नवशिका: सगळ्यांचे आभार. फ्रेटची करवत आणि खोल घशाचा एक क्लॅम्प घेतला, दोन्हींत मिळून २,६०० गेले. चिकटवणं दिवाळीनंतर. बाकी क्लॅम्प मात्र स्वतःच करतोय, रिपेअरदादा रागावू नका. मोडक्या दरवाजाची सागवानी चौकट होती, त्यातून जबडे कापले, मध्ये लोखंडी पट्टी, कॅमच्या समोर उभी चीर, तोंडाला आबांच्या जुन्या चपलेचं चामडं. दोन तयार आहेत. काल फणसाच्या फळीवर रात्रभर आवळून ठेवले, सकाळी सोडले तर वळ नव्हता. अजून सहा करायचेत, कॅम घासायला लेक बसते.