गेममधल्या शिव्यांवर बंदी हवी का? (आणि गेमबाहेरच्या?)

वाघबीळकर

मंडळी, जरा मन मोकळं करतो. वय ३४, ऐरोलीला आयटीत आहे, रात्री घोडबंदरचं ट्रॅफिक फोडून घरी पोचलो की तासभर व्हॅलोरंट (पाच-पाच जणांच्या टीमचा ऑनलाइन शूटिंग गेम) खेळतो, तेवढाच विरंगुळा. परवा साडेनऊच्या सुमाराला रँक्ड मॅच लागली. टीममध्ये एक पोरगा होता, आवाजसुद्धा फुटला नव्हता म्हणजे बारा-तेराचा असेल, माझ्यामुळे एक राउंड गेला तर त्याने माझ्या आईपासून सुरू करून जे काय बोलायला घेतलं ते मी हॉस्टेलला चार वर्षं काढूनही ऐकलं नव्हतं, तेही हिंदीत, एका दमात. आणि तेवढ्यात त्याच्याच माइकमधून मागून आवाज आला, "अरे ये ना जेवायला, वरण गार होतंय." चक्क मराठी! हा लगेच "आलो गं आई, शेवटची मॅच," इतक्या गोड आवाजात की विचारू नका, आणि मग पुन्हा माझ्या आईकडे वळला.

राग नाही आला मला, कसंतरीच झालं. हेडफोन काढून ठेवला आणि बायकोला सांगितलं तर ती म्हणे तू कशाला खेळतोस लहान मुलांबरोबर. तो मुद्दा वेगळा.

तर माझं मत असं की गेममध्ये यावर सरळ बंदी पाहिजे. सोळाच्या आतल्यांना व्हॉइस चॅट बंद, आणि आईबहिणीवरून बोलला की आठवडाभर अकाउंट गोठवा. बाहेरही तेच चाललंय म्हणा, ठाण्याहून सकाळची ट्रान्स-हार्बर पकडा, कॉलेजची पोरं दर दोन शब्दांमागे एक शिवी, शेजारी म्हातारी बाई बसली असली तरी. तुम्हाला काय वाटतं?

सीवूड्सचा_सोनू

दादा म्यूट नावाचं बटण असतं. एका क्लिकचं काम, त्यासाठी एवढा निबंध?

सीवूड्सचा_सोनू

आणि सिरियसली, बंदी बंदी करून काय होतं ते बघितलंय आपण. बीजीएमआय (पबजीचा भारतातला अवतार) आला २०२१ ला, त्यात रक्त हिरवं करून टाकलं, 'किल'च्या जागी 'फिनिश' लिहिलं, अठराच्या आतल्यांना दिवसाला तीन तासांचं लिमिट. झालं काय? पोरं वडिलांच्या नंबरवरून खेळली आणि हिरव्या रक्तावर त्याच लाल शिव्या दिल्या. गरमागरमीत तोंडातून निघतं यार, मॅच संपली की विसरतो आम्ही. मी रोज ज्यांना शिव्या घालतो त्यातल्या दोघांबरोबर गेल्या महिन्यात पांडवकड्याला जायचा प्लॅन केला होता (गेलो नाही, ते वेगळं).

नौपाड्याच्या_काकू

मी एकतीस वर्षं शाळेत शिकवलं, त्यामुळे "गरमागरमीत निघतं" हे मला सांगू नका. हीच मुलं मुख्याध्यापकांसमोर कितीही गरम झाली तरी तोंडातून काही निघत नाही, म्हणजे लगाम आहे, कुठे ओढायचा तेही त्यांना बरोब्बर कळतं. वाघबीळकरांच्या त्या मुलाने तर एका श्वासात दोन भाषा आणि दोन स्वभाव बदलून दाखवले की!

आणि बंदीने काहीच होत नाही असं कसं म्हणता? नेवासा तालुक्यातल्या सौंदाळा गावाने २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये ग्रामसभेत ठराव केला, आईबहिणीवरून शिवी दिली तर पाचशे रुपये दंड. कारण काय दिलं? भांडतात पुरुष आणि अपमान होतो घरच्या बाईचा, जी तिथे हजरही नसते. एवढी साधी गोष्ट ज्ञानोबांच्या नेवाशातल्या एका गावाला कळते आणि आमच्या गोखले रोडवरच्या शिकलेल्या मुलांना कळत नाही. त्याच ठरावात मुलांना संध्याकाळी सात ते नऊ मोबाईल बंद असंही होतं. दोन्ही मला पटतं.

कोपरखैरणेकर_आगरी

काकू मान ठेवून बोलतो, पण सौंदाळा एका गावाचा ठराव आहे, तिथे सगळे एकमेकांना ओळखतात, दंड कोण मागतोय तेही माहीत असतं. इथे दंड कोण घेणार, सोसायटीचा सेक्रेटरी?

आमच्या घरी आजा नातवाला हाक मारतो ती शिवी घालूनच मारतो. शिवी नाय आली तर पोऱ्या घाबरतो की आज आजा खरंच चिडलाय. मालवणी माणसाला विचारा, त्याची आजी 'रांडेच्या' म्हणून जवळ घेऊन खोबऱ्याची वडी देते की नाय. सातारा जिल्ह्यात खंडाळा तालुक्यात सुखेड आणि बोरी ही दोन गावं आहेत, नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी दोन्हीकडच्या बायका ओढ्याच्या काठाला समोरासमोर उभ्या राहून हातवारे करून एकमेकींना शिव्या घालतात, बोरीचा बार म्हणतात त्याला, ढोलताशे असतात, बघायला गर्दी लोटते. शिमग्याला तर अख्खा महाराष्ट्र बोंब मारतो. आता त्या बायकांना पण आठवडाभर अकाउंट गोठवणार?

माझं म्हणणं एवढंच की शुद्ध काय आणि घाण काय हे नेहमी नौपाडा आणि पार्ल्यानेच का ठरवायचं? नवी मुंबई वसवायला आमच्या ९५ गावांची जमीन घेतली, आता तोंडपण घेणार का?

नौपाड्याच्या_काकू

तुमच्या आजोबांच्या शिवीला माझा काही आक्षेप नाही. माझ्या सासूबाई अलिबागच्या, 'मेल्या, मुडद्या' शिवाय त्यांचं वाक्य सुरू होत नसे. पण बोरीच्या बारात दोन्हीकडच्या बायका ठरवून, वर्षातून एकदा, आपापल्या काठावर उभ्या असतात. वाघबीळकर काही ओढ्याच्या काठी गेले नव्हते.

वाघबीळकर

काकू 👏

नेरूळ_नाईटशिफ्ट

बराच वेळ वाचतेय, आता लिहिते. मी मुलगी आहे आणि चार वर्षं खेळतेय, त्यातली साडेतीन वर्षं माइक बंद ठेवून. आयडी पण मुलाचा वाटेल असा ठेवलाय. कारण माइक उघडून नुसतं "बी ला दोघं आहेत" (मॅपवरच्या बी जागेला शत्रू) म्हटलं की पहिलं उत्तर "लडकी है क्या" आणि त्याच्यानंतर जे येतं ते सोनू, तू रोज मित्रांना घालतोस तसलं नसतं. माझ्याशी काय काय करणार याचं वर्णन असतं. एकदा एकाने आडनाव विचारलं, मी सांगितलं, मग जातीवरून सुरू झाला. तिथे 'भ' पासून सुरू होणारी एकही शिवी नव्हती, अगदी स्वच्छ हिंदीत बोलत होता.

म्हणून मला या धाग्यातल्या दोन्ही बाजू थोड्या चुकीच्या वाटतात. तुम्ही सगळे शब्दांवर भांडताय.

आणि म्यूटचं सांगते. पाचच्या टीममध्ये एकाला म्यूट केलं की त्याच्याकडची माहिती पण गेली, शत्रू मागून येतोय हे त्याला दिसलं तरी मला कळणार नाही, मग मी मरते, मग बाकीचे तिघं मला शिव्या घालतात. म्हणजे तो बोलला त्याची शिक्षा मला. तो तसाच खेळतोय, मी मुकी आणि बहिरी होऊन बसलेय.

सीवूड्सचा_सोनू

हे वाईट आहे, मान्य. पण ते हॅरॅसमेंट झालं ना, शिवी नाही. त्याला बॅन करा, माझी ना नाही. हाणामारीत मी "च्यायला" म्हणालो त्याच्यासाठी मला का?

नेरूळ_नाईटशिफ्ट

तू "च्यायला" वर थांबतोस का?

सीवूड्सचा_सोनू

नाही 😅

घणसोली_डेव्ह

मी या क्षेत्राच्या जवळपास काम करतो (कंपनीचं नाव विचारू नका) म्हणून थोडं तांत्रिक. टेक्स्ट चॅटमध्ये शब्दांची यादी असते, शब्द सापडला की चांदण्या. आपल्याकडे सगळे मराठी-हिंदी रोमन अक्षरात टाईप करतात आणि एका शिवीची पंधरा स्पेलिंग होतात, त्यामुळे खरी शिवी सुखरूप पलीकडे जाते आणि मी 'अस्सल' लिहिलं की पहिल्या तीन अक्षरांच्या जागी चांदण्या. हा रोग जुना आहे, १९९६ साली इंग्लंडमधल्या स्कनथॉर्प गावच्या लोकांना एओएल या इंटरनेट कंपनीवर खातं उघडता येईना, कारण गावाच्या नावाच्या पोटातच एक शिवी बसलीय.

व्हॉइसचं प्रकरण अजून अवघड. कॉल ऑफ ड्युटी या शूटिंग गेमने २०२३ मध्ये टॉक्समॉड नावाची एआय यंत्रणा आणली, ती बोलणं ऐकून संशयास्पद वाटलं तर रिपोर्ट करते, शिक्षा मात्र कंपनी ठरवते. सुरुवात इंग्रजीपासून. व्हॅलोरंटवाल्यांनी २०२२ मध्ये रेकॉर्डिंग सुरू केलं तेही उत्तर अमेरिकेत, इंग्रजीत. गंमत म्हणजे कॉल ऑफ ड्युटीच्या नियमात खेळातली टोमणेबाजी, चिडवाचिडवी चालते, द्वेषाचं आणि बायकांवरून, वंशावरून बोललेलं चालत नाही. म्हणजे नेरूळ म्हणतात तसंच, शब्द नाही, नेम कुणावर धरलाय ते बघायचं.

पण मराठीत ते मशीन काय बघणार? "च्यायला" च्या पोटात 'आईला' आहे आणि माझी आई दूध उतू गेलं की तेच म्हणते.

कोपरखैरणेकर_आगरी

मग सगळ्यांचं बोलणं रेकॉर्ड करत बसणार? घरातली सून मागे काय बोलली ते पण? वरणाचं तर ऐकलंच वाघबीळकरांनी.

खारघर_वकिली

कायद्याचं थोडक्यात सांगतो कारण कुणीतरी "पोलिसात द्या" म्हणणारच. भारतीय न्याय संहितेचं कलम २९६, सार्वजनिक ठिकाणी अश्लील शब्द उच्चारून लोकांना त्रास दिला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा हजारापर्यंत दंड किंवा दोन्ही. म्हणजे ट्रेनमधल्या पोरांसाठी कायदा आधीच आहे, वापरत कुणी नाही. पण शिवी म्हणजे आपोआप अश्लील असंही नाही. मार्च २०२४ मध्ये एका कॉलेजच्या वेब सिरीजवरच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की शिव्या असभ्य असतील, घाणेरड्या असतील, तेवढ्याने त्या अश्लील ठरत नाहीत, आणि आयटी कायद्याच्या कलम ६७ खालचा तो खटला रद्द केला.

नेरूळ यांना आलेला अनुभव मात्र वेगळ्या खात्यातला आहे. बाईच्या विनयाचा अपमान करणारे शब्द, कलम ७९, तीन वर्षांपर्यंत कैद. जातीवरून असेल तर ॲट्रॉसिटी. ऑगस्ट २०२५ चा ऑनलाइन गेमिंगचा कायदा यात उपयोगाचा नाही, त्याचा रोख पैसे लावून खेळायच्या गेमवर आहे.

आणि काकू, नवीन कडक कायदा मागण्याआधी एक आठवण. २०१२ मध्ये पालघरला, तेव्हा पालघर आपल्याच ठाणे जिल्ह्यात होतं, मुंबई बंदवरच्या एका फेसबुक पोस्टसाठी दोन मुलींना अटक झाली. त्यातल्या एकीने तर पोस्ट नुसती लाईक केली होती. त्यात शिवी नव्हती. वापरलेल्यांपैकी एक आयटी कायद्याचं कलम ६६ अ, "त्रासदायक" मजकुराचं. ते २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टाने रद्द केलं. त्रास कुणाला झाला हे ठरवायचं काम पोलीस चौकीवर सोपवलं की असं होतं.

नौपाड्याच्या_काकू

हे बरोबर आहे. मला पोलीस नकोच आहेत यात. पण मग कोण? कंपनी इंग्रजी ऐकते, कायदा झोपलाय, आईबाप ऑफिसात. त्या मुलाच्या आईला माहीत तरी आहे का?

सीवूड्सचा_सोनू

काकू एक सायन्स पण सांगतो. इंग्लंडच्या कील युनिव्हर्सिटीने २००९ ला प्रयोग केला, बर्फाच्या पाण्यात हात घालून ठेवायचा, शिवी देणाऱ्यांनी साधारण चाळीस सेकंद जास्त हात ठेवला. म्हणजे शिवी पेनकिलर आहे 😎

घणसोली_डेव्ह

त्याचा पुढचा भाग पण सांग ना. त्याच लोकांनी २०११ मध्ये परत बघितलं, ज्यांच्या तोंडात दिवसभर शिव्या असतात त्यांना फायदा कमी होतो. तुझा डोस कधीच वाया गेलाय सोन्या.

कोपरखैरणेकर_आगरी

😂😂 सोनू आता बाम लाव.

नेरूळ_नाईटशिफ्ट

मला काय हवं ते सांगू? बंदी नको, रेकॉर्डिंगचा नुसता धाक पण नको. मी रिपोर्ट केला तर तो हिंदी-मराठी समजणाऱ्या माणसाने ऐकावा, आणि काय केलं ते मला कळवावं. मी आतापर्यंत केलेल्या रिपोर्टांपैकी किती ऐकले गेले मला माहीत नाही. आणि सोनू, तुझ्या टीममध्ये कुणी असं बोलायला लागला तर तू "ए बास" म्हणतोस का? एक मुलगा जरी म्हणाला तरी बाकीचे गप्प होतात, मी बघितलंय, दोनदा झालंय चार वर्षांत.

सीवूड्सचा_सोनू

खरं सांगू, नाही म्हणत. मीच शिव्या देतो तर मी कुठल्या तोंडाने म्हणू. पण सोळाच्या आतल्यांना व्हॉइस बंद याला माझा विरोध कायम आहे, मी बाराव्या वर्षी खेळायला लागलो तेव्हा व्हॉइस नसता तर एकटाच बसलो असतो, वडील शिफ्टला, आई नर्स.

वाघबीळकर

अपडेट. काल रात्री तोच पोरगा परत माझ्या टीममध्ये. मुंबई सर्व्हर, माझी त्याची रँक जवळपास सारखी (हे लिहायला लाज वाटते), त्यामुळे होणारच होतं. तिसऱ्या राउंडला सुरू झाला, या वेळी दुसऱ्या कुणावर तरी. मी माइक उघडून मराठीत एवढंच विचारलं, "काय रे, परवा वरण गार झालं का?"

पाच सेकंद शांतता. मग एकदम हळू आवाजात, "काका, तुम्ही आमच्या बिल्डिंगमधले आहात का?" मी काहीच बोललो नाही. "काका प्लीज आईला सांगू नका," आणि गेम सोडून पळाला.

चौघांत खेळलो, १३-५ ने हरलो.

सीवूड्सचा_सोनू

रँक गेली?

वाघबीळकर

गेली. च्यायला.