इटालियन विनोद, गाणी, सिनेमा: सुरुवात कुठून करावी?

गल्लीबोळ
फेलिनी वगैरे महोत्सवी सिनेमे बघून झालेत. आता इटलीतली माणसं घरी बसून ज्यावर हसतात, जे गुणगुणतात ते हवंय. भाषा येत नाही, सगळी भिस्त सबटायटल्सवर. क्रमाने सुचवा.

टिवल्याबावल्या
दिग्दर्शक मोनिचेल्लीचा 'ई सोलिती इन्योती' (१९५८) आधी. 'बिग डील ऑन मॅडोना स्ट्रीट' या नावाने शोधा, लवकर सापडेल. भुरट्या चोरांची टोळी गहाणाचं दुकान फोडायला निघते. तिजोरी कशी फोडायची याची गच्चीवर शिकवणी घेणारा तो विनोदी नट तोतो. चुकीची भिंत फुटल्यावर काय होतं ते सांगत नाही, फक्त रिकाम्या पोटी बघू नका.

मग जेर्मीचा 'दिवोर्त्सियो आल्लितालियाना' (१९६१), म्हणजे 'इटालियन पद्धतीचा घटस्फोट'. बघण्याआधी दोन गोष्टी माहीत हव्यात, नाहीतर कथा ओढूनताणून वाटते. तेव्हा इटलीत घटस्फोटाचा कायदाच नव्हता, तो आला १९७० च्या डिसेंबरात. आणि दंडसंहितेच्या कलम ५८७ नुसार व्यभिचार करताना सापडलेल्या बायकोचा रागाच्या भरात खून केला, तर शिक्षा फार कमी. हे कलम थेट १९८१ मध्ये गेलं. म्हणून सिनेमातला नवरा बायकोसाठी प्रियकर शोधतोय!

ओठ आणि आवाज जुळत नाहीत म्हणून फाइल खराब समजू नका. त्या काळी आवाज नंतर भरत, पुष्कळदा दुसऱ्याच नटाचा. 'इल सोर्पासो'त (१९६२) फ्रेंच नट त्रँतिन्याँचा आवाजही त्याचा नाही. ऑडिओ मात्र इटालियनच ठेवा, इंग्रजी डबिंग नको.

रिवाइंड
'सोर्पासो'ला +१. इटलीतली १५ ऑगस्टची उन्हाळी सुट्टी, ओस पडलेलं रोम आणि लान्चा आउरेलिया गाडी. त्यातली गाणी सबटायटलवाले सोडून देतात, तेव्हा एदोआर्दो व्हियानेल्लोचं 'ग्वार्दा कोमे दोन्दोलो' आधीच ऐकून ठेवा.

सानरेमो या गाण्यांच्या स्पर्धेच्या रात्री सलग बघू नका, मध्यरात्र उलटून जाते. सुटी गाणी ऐका, आणि निकालावर जाऊ नका: वास्को रोस्सीचं 'व्हिता स्पेरिकोलाता' १९८३ मध्ये शेवटून दुसरं आलं होतं. भाषा येत नाही म्हणता ना? मग गायक चेलेन्तानोचं 'प्रिसेन्कोलिनेन्सिनाइन्चूसोल' (१९७२) लावा. अमेरिकन इंग्रजीसारखे वाटणारे निरर्थक शब्द आहेत, इटालियनांनाही कळत नाहीत.

गल्लीबोळ
फान्तोत्सी, तो फजिती होणाऱ्या कारकुनाचा सिनेमा, राहिला का? पहिली वीस मिनिटं बघितली, हसूच येईना.

टिवल्याबावल्या
दोष सबटायटल्सचा. 'फान्तोत्सी' (१९७५) अर्धा व्याकरणावर चालतो. टेनिसचा प्रसंग घ्या. फान्तोत्सीचा सहकारी फिलिनी विचारतो, "बात्ती?", म्हणजे सर्व्हिस टाकतोस? फान्तोत्सी विचारतो, मला अरेतुरे करताय का? फिलिनी सावरतो, नाही, "बात्ती लेई". 'लेई' म्हणजे आपण, पण 'बात्ती' हे क्रियापद 'तू'चं. हवं होतं 'बात्ता'. मराठीत "आपण सर्व्हिस टाक" म्हटल्यासारखं. इंग्रजीत दोन्हीकडे 'यू', विनोद तिथेच मेला. मराठी माणसाला तो फुकट कळतो, फक्त कान 'लेई'वर ठेवायचा. 'वादी', 'वेंगी' ('जा', 'या'ची अशीच चुकलेली रूपं) ऐकू आलं की तीच गंमत.

रिवाइंड
आणि 'क्वो वादो?' (२०१६) अगदी शेवटी. कायमची सरकारी नोकरी सुटू नये म्हणून जगाच्या टोकापर्यंत बदली सोसणारा विनोदी नट चेक्को झालोने. हे आपल्याकडे समजावून सांगायला नको. पण 'ला प्रीमा रेपूब्लिका' हे त्यातलं गाणं चेलेन्तानोच्या ढंगाची नक्कल आहे. मूळ चेलेन्तानोची चार गाणी कानावरून गेल्याशिवाय ते नुसतंच गाणं वाटतं.