राधानगरीचा लक्ष्मी तलाव आणि दाजीपूर, दोन दिवसांत: कधी जावं, काय बघावं?

काठावरचा_वाटसरू
नमस्कार मंडळी. कोल्हापुरातून शनिवार-रविवार राधानगरी-दाजीपूर करायचंय. सोबत सत्तरीतले वडील आणि दहा वर्षांची मुलगी. वडिलांना शाहू महाराजांचं राधानगरी धरण, म्हणजेच लक्ष्मी तलाव, आणि महाराजांचा जुना बंगला बेनझीर व्हिला बघायचाय, मुलीला दाजीपूरच्या अभयारण्यातला गवा. गाडी घरची आहे. कुठला महिना धरू?

भोगावतीकाठ
दादा, आधी हे ठरवा की पाणी बघायचंय की पाण्याखालचं. दोन्ही एका फेरीत होत नाही.

धरण भरतं 347.50 फुटांना. जुलै-ऑगस्टमध्ये पातळी तिथे पोचली की सात स्वयंचलित दरवाजे आपोआप उघडतात. माणूस नाही, मोटर नाही. पाण्याचा दाब आणि वजनाचा तोल यांवर सगळा खेळ. पातळी उतरली की आपोआप मिटतात. एका दरवाजातून 1428 क्युसेक (म्हणजे सेकंदाला तितके घनफूट पाणी), सातही उघडले तर दहा हजाराला चार कमी. दरवाजे कुणाला विचारून उघडत नाहीत, म्हणून त्या दिवसांत धरणाखाली फेजिवड्याच्या बाजूला नदीपात्रातल्या खडकांवर मुलांना अजिबात उतरवू नका. वरून बघा, पोटभर बघा.

बेनझीर व्हिला मात्र तलावाच्या पोटात आहे. एप्रिल-मेमध्ये पाणी ओसरलं की त्याचे अवशेष नीट दिसतात. रोज पेपरात धरणाची पातळी फुटांत येते, ती बघूनच निघा. काठावरून दुर्बिणीने बघणं वडिलांना सोयीचं. उघड्या पडलेल्या गाळावरून चालत जाऊ नका. वरची पापडी भेगाळून कडक झालेली असते, पण खाली चिखल ओलाच राहतो आणि पाय गुडघ्यापर्यंत रुततो. वळवाचा पाऊस झाला असेल तर बघायलाच नको.

वडिलांना सांगायला: गावाला नाव महाराजांच्या कन्या राधाबाईंचं, तलावाला राणी लक्ष्मीबाईंचं. काम 1909 च्या सुमारास सुरू झालं, पैशाअभावी मध्येच थांबलं, पुरं झालं ते स्वातंत्र्यानंतर. ही दगडी भिंत नुसता फोटो काढून सोडून द्यायची गोष्ट नाही. हत्तीमहालही त्याच फेरीत होतो.

सडा_आणि_सावली
मग मे महिना धरा. उन्हानं पाणवठे आटतात, उरलेल्या पाण्यावर गवे येतात. पावसाळ्यात अभयारण्यात प्रवेश बंद असतो, तेव्हा जुलैचा बेत फक्त धरण आणि राऊतवाडी धबधब्यापुरता ठेवा.

दाजीपूर गेटवर पहाटेच पोचा. उजाडताना गवे सड्यावर, म्हणजे उघड्या खडकाळ माळावर, चरत असतात, ऊन चढलं की रानात शिरतात. आतल्या रस्त्याला दगड आणि चढ आहेत, घरची गाडी खाली घासते. गेटवरची जीप आणि वाटाड्या घ्या. सावराई सडा, सांबरकोंड असं फिरता येतं.

गवा दिसला की गाडी बंद करा, खाली उतरू नका. लांबून काळा दगड वाटतो, जवळून पायातले पांढरे मोजे दिसतात. तो मान खाली घालून अंगाची पूर्ण बाजू तुमच्याकडे करून उभा राहिला तर ते दर्शन नव्हे, ती ताकीद आहे. हॉर्न नको, मुलीला ओरडू देऊ नका. त्याला जायला वाट मोकळी ठेवा.

काठावरचा_वाटसरू
फार उपयोगी. मुक्काम कुठे करू? काजवे याच दिवसांत असतात ना?

सडा_आणि_सावली
हो, मे अखेर ते पहिला पाऊस. गाडीचे दिवे, मोबाईलची बॅटरी, फ्लॅश सगळं बंद ठेवा. नर उजेडाच्या खुणेनं मादीला बोलावतो, आपल्या झोतात ती खूण हरवते. झाडं हलवू नका, काजवे बाटलीत धरू नका.

नाचणी_भाकरी
ताई-माई घरगुती जेवण देतात त्या गावांत आधल्या दिवशीच माणसं मोजून सांगा. नाचणीची भाकरी, खर्डा, पिठलं मोजकंच रांधतात. ऐनवेळी चार ताटं वाढली तर त्यांची ओढाताण होते. मुक्काम राधानगरीत करा, वडिलांसाठी दवाखाना-औषध जवळ. पेट्रोलही तिथेच भरा. दाजीपूरकडे रेंज जाते, त्यामुळे नकाशा आधीच उतरवून घ्या आणि सुटे पैसे जवळ ठेवा. रानातून आल्यावर मुलीच्या कानामागे, काखेत गोचीड बघा.